मूत्रपिंडांची इजा आणि अनुकंपी चेतासंस्था

थेरगाव, चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात भट्टीजवळ किंवा भर उन्हात राबणाऱ्यांच्या शरीरातून पुष्कळ घाम जातो. शरीरातील पाणी कमी झाले, की मेंदू व हृदय यांचा रक्तपुरवठा आधी सांभाळला जातो आणि मूत्रपिंडांचा वाटा कमी केला जातो. ही काटकसर घडवून आणण्यात अनुकंपी चेतासंस्थेचा, म्हणजे डॉक्टरांच्या बोलीतील सिम्पथेटिक यंत्रणेचा, मोठा वाटा असतो. ती अल्पकाळ टिकली तर जीव वाचतो. लांबली तर मूत्रपिंडांना इजा होते.

रचना व कार्य

दोन्ही मूत्रपिंडांचे वजन शरीराच्या सुमारे अर्धा टक्का भरते. परंतु हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी २० ते २५ टक्के रक्त त्यांच्याकडे जाते. मज्जारज्जूपासून निघालेले अनुकंपी तंतू मूत्रपिंडाच्या धमनीला बिलगून आत शिरतात. त्यांच्या टोकांतून पाझरणारे नॉरअ‍ॅड्रिनलिन तीन कामे करते : सूक्ष्म धमन्या आकुंचित करणे, रेनिन स्रवण्यास चालना देऊन रक्तदाब वाढविणे आणि नलिकांकडून सोडियम व पाणी परत शोषून घेणे. ही चेता कापल्यास त्या बाजूच्या मूत्रपिंडातून मूत्र वाढते, असे फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी १८५९ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगात दाखविले होते.

इजा कशी होते?

मूत्रपिंडाच्या आतील भागाला मुळातच ऑक्सिजन बेताचा मिळतो. धमन्या दीर्घकाळ आवळलेल्या राहिल्या, तर तेथील नलिकांच्या पेशी मरू लागतात. रक्तप्रवाह पूर्ववत झाल्यावरही दाह वाढतो. रक्तपुरवठा रोखण्यापूर्वी या चेता कापल्या असता उंदरांमधील इजा कमी झाल्याचे प्रयोगांत आढळले आहे.

या आवळण्याला उतारा म्हणून मूत्रपिंड प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्ये तयार करते व धमन्या मोकळ्या ठेवते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या नेमका हाच उतारा बंद करतात. त्यामुळे उलट्या, जुलाब किंवा अतिघामाने शरीर कोरडे पडले असताना अंगदुखीसाठी घेतलेली अशी गोळी घातक ठरू शकते.

उलट दिशेचे संदेश

मूत्रपिंडाकडून मेंदूकडेही संदेश जातात. डायलिसिसवरील रुग्णांमध्ये अनुकंपी चेतांची क्रिया वाढलेली असते; मात्र दोन्ही मूत्रपिंडे काढलेल्या रुग्णांत ती निरोगी माणसांइतकीच आढळते, असे १९९२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. म्हणजे आजारी मूत्रपिंड स्वतःच ही यंत्रणा चेतवते. त्यातून रक्तदाब वाढतो आणि वाढलेला रक्तदाब मूत्रपिंड आणखी बिघडवतो. हे दुष्टचक्र हृदयालाही भोवते.

उपचारांची दिशा

धमनीतून नळी घालून या चेता निकामी करण्याची पद्धत २००९ पासून चर्चेत आली. २०१४ मधील मोठ्या चाचणीत तिचा अपेक्षित लाभ दिसला नाही. सुधारित उपकरणांच्या चाचण्यांत रक्तदाब मर्यादित प्रमाणात उतरला व नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. मात्र ही मान्यता उच्च रक्तदाबासाठी आहे. मूत्रपिंडाच्या आकस्मिक इजेवरील तो प्रस्थापित उपचार नव्हे.

चेता तुटल्या तर मूत्रपिंड बंद पडते काय? नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९६५ मध्ये भारतातील पहिले मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले. प्रत्यारोपणात चेता जोडल्या जात नाहीत, तरीही रोपण केलेले मूत्रपिंड काम करते. चेता केवळ नियमन करतात.

काय लक्षात ठेवावे?

रक्तातील क्रिएटिनिन ४८ तासांत ०.३ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा अधिक वाढले, तर ती आकस्मिक इजा मानली जाते. लघवी फार कमी किंवा गडद होणे, पायांवर सूज, धाप, गुंगी ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे. पावसाळ्यातील जुलाब, मलेरिया व लेप्टोस्पायरोसिस यांतही हा धोका असतो. उष्ण जागी काम करणाऱ्यांनी तहानेची वाट न पाहता पाणी प्यावे; हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. वेदनाशामक गोळ्या परस्पर घेऊ नयेत. वेळेत उपचार झाले, तर अशा अनेक रुग्णांची मूत्रपिंडे पुन्हा कार्यक्षम होतात.