गुलबक्षी : पाहुणी की घरची?

आज लढाई नाही, किल्ला नाही. आज गुलबक्षी.

फौजेतून निवृत्त झाल्यावर मी चेन्नईत स्थिरावलो. इथल्या कुंड्यांत ती ऊन कलताना उमलते आणि सकाळी मिटते. तमिळ शेजारी तिला ‘अंदि मंदारै’ म्हणतात. अंदि म्हणजे संध्याकाळ. त्यांना ती त्यांची वाटते, मला माझ्या आजोळची. प्रत्यक्षात तिचं मूळ घर अमेरिका खंडात, मेक्सिको-पेरूकडे. १४९२ च्या कोलंबसाच्या सफरीनंतर युरोपीय जहाजांच्या काळात ती जगभर पसरली.

मग ती इथली कधी झाली? याचा पुरावा कोचीनच्या डच अधिकाऱ्याने, व्हान ऱ्हेडेने, सिद्ध केलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथात आहे. १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमला त्याचे १२ खंड छापले गेले. त्यात गुलबक्षी ‘अंदि-मल्लेरि’ या नावाने येते. दोनशे वर्षांच्या आत परदेशी झाडाला देशी नाव मिळालं होतं!

याच ग्रंथाच्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या वैद्यांची साक्ष कोकणी भाषेत, नागरी लिपीत छापलेली आहे. हे वैद्य कोचीनला स्थायिक झालेल्या कोकणी समाजातले. म्हणजे मलबारच्या वनस्पतींची ग्वाही देणारेही मूळचे बाहेरगावचेच. बदल्यांवर आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला ही गोष्ट फार जवळची वाटते.

१७५३ मध्ये लिनियसने तिला ‘मिराबिलिस जलापा’ हे नाव दिलं. मिराबिलिस म्हणजे अद्भुत. जलापा हे मेक्सिकोतल्या शहराचं नाव. जलाप हे रेचक औषध हिच्याच मुळापासून मिळतं, असा तेव्हा समज होता. ते निघालं दुसऱ्याच वेलीचं. गैरसमज गेला, नाव राहिलं.

लावायची असेल तर मिरीसारखं काळं, सुरकुतलेलं बी बोटाच्या अर्ध्या पेराइतकं खोल पेरा. ऊन भरपूर हवं. चेन्नईत ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस कोसळतो, तेव्हा कुंडीत पाणी साचू देऊ नका, कंद कुजतो. बी आणि मूळ विषारी असतं, लहान मुलांना जपा.

कुणी ‘हे आपलं, ते परकं’ असा वाद घातला, तर त्याला गुलबक्षीचा हा प्रवास सांगा. आणि तुमच्याकडे तिला गुलबास म्हणतात की आणखी काही, ते घरातल्या थोरांना विचारून ठेवा. तोही इतिहासच आहे.