अनंतस्पर्शी वर्तन (तळटीप)

* लेखकाने इथे तंजावर जिल्ह्यातल्या कुंभकोणमच्या रामानुजनचे नाव घेतले, ते उगाच नव्हे. हार्डी-रामानुजन यांचे १९१८चे सूत्र मोठ्या संख्यांची विभाजने (म्हणजे धन पूर्णांकांच्या बेरजेत मांडण्याच्या रीती) कशी वाढतात ते सांगते. १००ची विभाजने १९,०५,६९,२९२. सूत्राचे साधे अनंतस्पर्शी रूप जेमतेम साडेचार टक्के जास्त देते.

तरंगिका-रूपांतरात प्रश्न तोच, टोकाकडे जाताना वर्तन कसे बदलते हा; दिशा मात्र उलटी : मापप्रमाण ‘अ’ शून्याकडे नेले तर काय होते? तरंगिका म्हणजे थोडे थरथरून विरणारे, एकूण क्षेत्रफळ शून्य असलेले फलन. ती आकसत एका बिंदूवर आणली की तिथला खडबडीतपणा कळतो. उदाहरणार्थ, डिरॅकचा डेल्टा, म्हणजे एकाच बिंदूवर एकवटलेला आघात, नेहमीच्या अर्थाने फलनच नाही. त्याला हक्काची जागा लोराँ श्वार्ट्झच्या वितरण-सिद्धान्ताने दिली. मूलबिंदूशी तरंगिका शून्य नसेल, तर तिथे डेल्टाचे रूपांतर १/√अ प्रमाणे फुगते. पायरी-फलनाचे मात्र उडीच्या आसपास √अ प्रमाणे आटते. उलट वाटेने, म्हणजे रूपांतराच्या वेगावरून मूळ वितरणाचा स्वभाव ओळखणे, हे टाउबेरीय प्रमेयांचे काम. ते जास्त अवघड, कारण त्याला जादा अटी लागतात. — संपादक