निर्गम-झडप : पाणबुड्याचा पोशाख आणि तानसेचा नळ

पाणबुड्याच्या पोशाखाचा इतिहास सामान्यतः त्यास हवा पुरविण्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु आत गेलेली हवा बाहेर कशी काढावी, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा होता. या प्रश्नाचे मर्म कळण्यास शहापूर तालुक्यातील जलवाहिन्यांचे उदाहरण उपयोगी पडते.

इंग्लंडात डीन बंधूंनी प्रचारात आणलेले शिरस्त्राण खालून उघडे असे. जादा हवा अंगरख्याच्या काठाखालून आपोआप निघून जाई. मात्र पाणबुड्या आडवा पडल्यास तेथूनच पाणी आत शिरे. ऑगस्टस सीब याने 1837च्या सुमारास शिरस्त्राण जलाभेद्य पोशाखास जोडून हा धोका टाळला. पण हवेची नैसर्गिक वाट त्यामुळे बुजली, व शिरस्त्राणात निर्गम-झडप बसविणे अपरिहार्य झाले. ती नसती तर पोशाख फुगून हातपाय ताठ झाले असते आणि पाणबुड्या असहायपणे वर फेकला गेला असता.

याचे कारण बॉइलच्या नियमात आहे. दहा मीटर खोलीवर एकूण दाब पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट असतो. तेथून वर येताना पोशाखातील हवेचे आकारमान दुप्पट होऊ पाहते. 1943 मध्ये कुस्तो व गान्यां यांनी स्वयंपूर्ण श्वसनयंत्र सिद्ध केल्यानंतर ते वापरणाऱ्यास शिरस्त्राणाची गरज उरली नाही. परंतु थंड समुद्रातील कोरड्या पोशाखास झडप हवीच होती. तिची जागा आता बहुधा डाव्या दंडाची बाहेरील बाजू ही असते, कारण कोपर उचलताच तो भाग सर्वांत उंच होतो. ती बसविताना कापडास बेताचे भोक पाडतात, भोवती ठिगळाने बळकटी देतात, आणि झडपेच्या दोन भागांमध्ये चकतीसह कापड आवळतात. मग पोशाखात हवा भरून साबणाच्या पाण्याने गळती तपासतात. हवा भरण्याची झडप छातीवर वेगळी असते. ती नसल्यास खाली उतरताना पोशाख अंगास आवळतो.

हेच दोन्ही धोके नळासही आहेत. 1892 मध्ये पूर्ण झालेल्या तानसा धरणाचे पाणी मुंबईस नेणाऱ्या वाहिन्या उंचसखल भूमीवरून जातात. अशा वाहिनीत प्रत्येक उंचवट्यावर हवा साठून प्रवाहास अडथळा करते. म्हणून तेथे वात-झडपा बसवितात. नळ भरताना त्या हवा सोडतात आणि रिकामा होताना आत घेतात. अन्यथा पोकळी निर्माण होऊन पोलादी नळ बाहेरील दाबाने चेपू शकतो. पोशाखात दोन झडपांनी साधलेले कार्य येथे एकाच ठिकाणी साधते. मात्र दोन्हीकडे सूत्र एकच : हवेची वाट सर्वांत उंच जागी हवी.

भाषेच्या दृष्टीनेही हे साम्य लक्षणीय आहे. मराठीत दाराच्या फळीसही झडप म्हणतात, आणि मुंबईच्या पाणीपुरवठ्यात झडपा उघडणारा कामगार ‘चावीवाला’ म्हणून ओळखला जातो. दोन्ही शब्दांत घराच्या दाराची कल्पना आहे, आणि ती यथार्थ आहे. बंदिस्त पोशाखाने पाणबुड्यास पाण्यापासून वाचविले. पण त्या पोशाखापासून त्याला वाचविले ते या लहानशा दाराने.