माग काढणारा माणूस

वाघाचे छायाचित्र पाहताना आपण वाघाकडे पाहतो. फार तर ते घेणाऱ्याचे नाव वाचतो. ज्याने पहाटेच्या धुळीतील ठसा ओळखून गाडी थांबवावयास लावली, त्या वाटाड्याचे नाव तेथे सहसा नसते. हा अनुल्लेख आजचा नव्हे. त्याचे मूळ शिकारीच्या काळात आहे, आणि ते शोधू गेल्यास यवतमाळच्या जंगलापर्यंत येऊन पोहोचता येते.

१८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. १९०५ साली यवतमाळ हे नाव मिळेपर्यंत हा जिल्हा दप्तरी ‘वून’, म्हणजे वणी, या नावाने ओळखला जाई. त्या काळी मध्य हिंदुस्थानात शिकार हा साहेबांचा मोठा शोक होता. कॅप्टन फॉर्सिथ याचे सातपुड्यातील अरण्यांवरील पुस्तक १८७१ साली, तर वनाधिकारी डनबार ब्रँडर याचे मध्य प्रांतातील वन्य प्राण्यांवरील पुस्तक १९२३ साली निघाले. शिकारीची रीत अशी की, आधी रेडा बांधावा. वाघाने तो मारला म्हणजे मचाण बांधून बसावे, किंवा हाका घालून वाघास बंदुकीपुढे आणावे. परंतु रेडा कोणत्या नाल्यात बांधावा, उन्हाच्या वेळी वाघ कोणत्या पाण्याच्या आश्रयास पडून असेल आणि उठल्यावर कोणत्या वाटेने निघेल, हे सांगणारा माणूस बहुधा गावातला गोंड वा कोलाम असे. गोळी साहेबाची, तिला वाट दाखविणारी विद्या त्याची. कातडे दिवाणखान्यात गेले, आणि शिकारकथांत हा माणूस पुष्कळदा केवळ ‘माझा शिकारी’ एवढ्यावरच संपला.

बंदुकीच्या जागी कॅमेरा आणणाऱ्यांत एफ. डब्ल्यू. चँपियन या वनाधिकाऱ्याचे स्थान अग्रभागी आहे. संयुक्त प्रांतातील जंगलांत रात्री वाघाच्या वाटेवर तो बारीक तार ताणून ठेवी. वाघाचा पाय तीस लागताच प्रकाशाचा लोळ उठे आणि वाघ स्वतःचे चित्र स्वतःच काढी. ही चित्रे ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ या त्याच्या १९२७ सालच्या पुस्तकात आली. दोन वाघांचे पट्टे कधीही सारखे नसतात व त्यांवरून वाघ ओळखता येतो, ही गोष्टही त्याच्या ध्यानी आली होती. एरवी ‘एक वाघ’ एवढीच ज्याची ओळख, तो आता ‘हाच वाघ’ झाला. आजचे स्वयंचलित कॅमेरे तारेऐवजी अंगाच्या उष्णतेने जागे होतात, एवढाच फरक. वाघांची मोजदाद आजही पट्ट्यांवरच चालते. मात्र तार कोठे ताणावी हे तेव्हा जसे माग जाणणाऱ्यासच ठाऊक असे, तसे कॅमेरा कोणत्या झाडास बांधावा हे आजही त्यासच ठाऊक असते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर या विद्येस नवे गिऱ्हाईक मिळाले. पांढरकवड्यानजीकचे टिपेश्वर हे १४८.६३ चौरस किलोमीटरचे सागवानी जंगल १९९७ साली अभयारण्य झाले. सुन्ना व माथणी येथील दारांतून पाहुण्यांच्या गाड्या आत जातात. गाडीतला वाटाड्या डोळ्यांपेक्षा कानांनी अधिक पाहतो. चितळ उगाचही भितो. पण सांबराने एकाच जागी उभे राहून पुनःपुन्हा हाक दिली म्हणजे तो गाडी थांबवितो. वानर झाडावरून कोणीकडे तोंड करून ओरडते, ठशाची कड ताजी आहे की वाऱ्याने ढासळली आहे, एवढ्यावरून त्याचा निर्णय होतो. छायाचित्रकार कळ दाबतो, तेव्हा निम्मे चित्र आधीच निघालेले असते.

वाघाला मिळालेल्या या ओळखीने काय काय घडू शकते, हे याच जिल्ह्याने दोनदा पाहिले. राळेगाव-पांढरकवडा भागात ‘टी-१’, लोकांच्या तोंडी ‘अवनी’, या वाघिणीवर १३ माणसांच्या मृत्यूचा आरोप आला. छायाचित्रे व ठसे यांच्या आधारे तिचा माग काढण्यात आला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या परिसरात ती मारली गेली. तिच्यामागे दोन बछडे राहिले. मुंबई-दिल्लीस शोक झाला. कापसाच्या शेतात जावयास भिणाऱ्या गावांनी सुटकेचा श्वास टाकला. दोन्ही भावना खऱ्या होत्या. पुढच्याच वर्षी टिपेश्वरचा एक तरुण वाघ, गळ्यात रेडिओपट्टा घेऊन, जून महिन्यात जंगलाबाहेर पडला. तेलंगणाची हद्द ओलांडून, शेते व रस्ते तुडवीत, डिसेंबर २०१९ मध्ये तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याची एकंदर भटकंती सुमारे ३,००० किलोमीटर भरली, आणि जगाने त्यास ‘वॉकर’ म्हटले. एकीच्या ओळखीतून तिचा शेवट झाला, दुसऱ्याच्या ओळखीतून कौतुक.

या दोन टोकांच्या मध्ये वाटाड्या उभा आहे. पाहुणा वाघ पाहून संध्याकाळी नागपूरच्या वाटेस लागतो. वाटाड्यास मात्र वाघाच्याच शेजारी असलेल्या गावात परतावयाचे असते. सकाळी जो वाघ दिसावा अशी त्याची इच्छा, तोच रात्री आपल्या गोठ्याकडे फिरकू नये अशीही असते. ही इच्छा परस्परविरोधी वाटेल. परंतु वाघ व माणूस यांनी एकत्र नांदण्याचा प्रश्न एवढ्या थोडक्यात दुसऱ्या कोणी मांडला नसेल. वाघ जगवावयाचा तर ज्यास त्याची भीतीही वाटते आणि ज्याची रोजीही त्याच्यावर चालते, अशा माणसाचेच मत आधी विचारावयास हवे. छायाचित्राखाली त्याचे नाव छापणे हा त्याचा आरंभ होय. त्यास खर्च पडत नाही, आणि दीडशे वर्षांचे ऋण निदान मान्य केल्यासारखे होते.