वाकलेला इंग्रज

भोरच्या एसटी स्टँडजवळच्या एका हॉटेलात शिवराज्याभिषेकाचं चित्र लावलंय. परवा मिसळ येईपर्यंत भाचा ते बघत बसला. मग म्हणाला, "मामा, तो टोपीवाला कशाला वाकलाय?"

"इंग्रज आहे. मुजरा करतोय."

उत्तर तयारच होतं. आमचं गाव पूर्वीच्या वेल्हे तालुक्यात, राजगडाच्या पायथ्याशी. लहानपणी अशा चित्रांत मी आधी तो इंग्रज शोधायचो. पुढे इंजिनिअर झालो, परदेशी क्लायंटच्या कॉलवर दर दोन वाक्यांमागे 'येस' म्हणू लागलो, तेव्हा तर तो वाकलेला गोरा जास्तच आवडायला लागला.

त्याचं नाव हेन्री ऑक्झिंडेन. ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईहून पाठवलेला वकील. 6 जून 1674 ला तो खरंच रायगडावर होता आणि त्याने पाहिलेलं लिहूनही ठेवलं. त्याने दुरून अभिवादन केलं. दुभाषी नारायण शेणवी याने नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरली, तेव्हा महाराजांनी त्यांना सिंहासनाजवळ बोलावलं. भाल्यांच्या टोकांवर सोन्याची मत्स्यमुखं, सोन्याचा तराजू आणि दाराशी दोन लहान हत्ती. इतक्या अवघड वाटेने हत्ती वर आले कसे, याचंच त्याला नवल!

म्हणजे वाकणं खोटं नाही. पण चित्र आपल्याला हवा तो क्षण निवडतं. इंग्रजांनीही तेच केलं. सवाई माधवरावांच्या दरबारात चार्ल्स मॅलेटने 1790 मध्ये टिपूविरुद्ध तह केला. त्याचं भव्य तैलचित्र थॉमस डॅनियलने पूर्ण केलं 1805 मध्ये, जेम्स वेल्सच्या अभ्यासचित्रांवरून. वेल्स पुण्यात आला तोच तहानंतर. पुढे त्याची मुलगी मॅलेटची बायको झाली. तिथे मिरवते ती अर्थातच मॅलेटची कामगिरी.

ऑक्झिंडेनही नुसता मुजरा करायला गड चढला नव्हता. कंपनीला राजापूरच्या वखारीच्या लुटीची भरपाई हवी होती, व्यापाराच्या सवलती हव्या होत्या. बहुतेक मागण्या मान्य झाल्या. एक मागणी होती, वादळात फुटून किनाऱ्याला लागलेली इंग्रजांची जहाजं आणि माल परत मिळावा. महाराजांनी ती नाकारली. कोकणच्या रिवाजात ते बसत नव्हतं.

या नकाराचं चित्र मी कुठे पाहिलेलं नाही. वाकलेली पाठ रंगवता येते. वाटाघाटीत शांतपणे उच्चारलेला 'नाही' कसा रंगवणार? पण मला विचाराल, तर त्या दिवसांतलं राजेपण मुजऱ्याइतकंच या 'नाही'मध्ये होतं. वाकून, नजराणा देऊन, गोड बोलून माणूस समोर उभा असताना ते म्हटलेलं होतं.

मिसळ आली. भाचा अजून चित्राकडेच बघत होता.

"मग वाकल्यावर त्याला काय मिळालं?"

"बरंच काही," मी म्हटलं. "पण फुटलेलं जहाज नाही मिळालं."