दोषदृष्टी व आत्मपरीक्षण (ख्रिस्ती नीतिविचार)

दुसऱ्याला दोष देण्याआधी स्वतःकडे पाहावे, ही येशू ख्रिस्ताची शिकवण. तिचे मुख्य स्थान डोंगरावरील प्रवचनात (मत्तय ७:१–५) आहे. भावाच्या डोळ्यातले कुसळ काढायला निघालेल्याच्या डोळ्यात मुसळ असते, हे तेथील चित्र सर्वपरिचित आहे. पाचवे वचन मात्र सोयीस्करपणे विसरले जाते: मुसळ निघाल्यावर कुसळही काढायचेच असते. चुकीकडे काणाडोळा करण्याची ही मुभा नव्हे. चुकणाऱ्याला आधी एकांतात गाठून समजवावे, असे मत्तय १८:१५ सांगते.

कॅथलिक परंपरेत आत्मपरीक्षण प्रायश्चित्त संस्काराशी जोडलेले आहे. वर्षातून किमान एकदा पापकबुलीचा नियम चौथ्या लॅटरन परिषदेने १२१५ मध्ये घातला. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत धर्मगुरूपुढील कबुली सक्तीची नाही. तेथे भर आहे तो प्रभुभोजनापूर्वी ज्याने त्याने स्वतःची परीक्षा करण्यावर (१ करिंथ ११:२८).

महाराष्ट्रातले ठळक उदाहरण केडगावचे. पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) मुक्ती सदनात १९०५ च्या धर्मजागृतीत मुली रडत, मोठ्याने स्वतःची पापे कबूल करीत. मात्र या शिकवणीचा अर्थ रमाबाईंनी मुकाट मान तुकवणे असा कधीच घेतला नाही. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांनी तेथील अँग्लिकन गुरुजनांशी मतस्वातंत्र्यावरून पत्रांतून कडाक्याचा वाद घातला होता.