आयरिश पबमधील क्राफ्ट बिअर : किंमत आणि दर्जा यांचे गणित

डब्लिनमधील एखाद्या साध्या पबमध्ये गिनेसचा एक पाइंट सहा युरोच्या आसपास मिळतो. त्याच काउंटरवर, दोन नळ सोडून पलीकडे, एखाद्या लहान आयरिश ब्रुअरीची बिअर असते आणि तिच्या तेवढ्याच पेल्यासाठी सात ते आठ युरो मोजावे लागतात. एक युरो म्हणजे ढोबळमानाने शंभर रुपये धरले, तर हा फरक शंभर ते दोनशे रुपयांचा होतो. हा जादा पैसा नेमका कशाचा, तो कोणाच्या खिशात जातो आणि त्याच्या बदल्यात ग्राहकाला खरोखर अधिक चांगली बिअर मिळते का, हे प्रश्न आयर्लंडमध्ये गेली अनेक वर्षे चर्चेत आहेत. त्यांच्या उत्तरांवर तेथील अनेक लहान उद्योगांचे भवितव्य अवलंबून आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. भारतात ‘पाइंट’ म्हणून विकली जाणारी बाटली ३३० मिलिलीटरची असते. आयर्लंडमधील पाइंट ५६८ मिलिलीटरचा असतो. तेथे ‘ग्लास’ मागितला, तर अर्धा पाइंट समोर येतो.

दोनशे ब्रुअऱ्यांकडून तीन कंपन्यांकडे

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आयर्लंडमध्ये दोनशेहून अधिक ब्रुअऱ्या होत्या. जवळपास प्रत्येक मोठ्या गावाची स्वतःची बिअर होती. आर्थर गिनेस यांनी १७५९ मध्ये डब्लिनच्या सेंट जेम्स गेट येथील जागा वार्षिक ४५ पौंड भाड्याने आणि तब्बल नऊ हजार वर्षांच्या कराराने घेतली, तेव्हा ती अशाच अनेक ब्रुअऱ्यांपैकी एक होती. पुढे कालवे आणि रेल्वे यांच्या जोरावर गिनेसची पिंपे देशभर पोहोचू लागली आणि गावोगावचे उत्पादक एकेक करून बंद पडले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उरलेसुरलेही मोठ्यांच्या हाती गेले. किल्केनीची १७१० पासूनची परंपरा सांगणारी स्मिथिक्स गिनेसच्या छत्राखाली आली. कॉर्कमधील मर्फीज ही १८५६ मध्ये स्थापन झालेली ब्रुअरी १९८३ मध्ये डच कंपनी हायनेकनने घेतली. त्याच शहरातील १७९२ पासूनची बीमिश अँड क्रॉफर्ड अनेक मालकांच्या हातांतून फिरून २००८ मध्ये हायनेकनकडेच गेली आणि २००९ मध्ये तिचा कारखाना बंद झाला. गिनेस स्वतः १९९७ मध्ये ग्रँड मेट्रोपॉलिटनशी विलीन होऊन डिआजिओ या बहुराष्ट्रीय कंपनीचा भाग बनली. परिणामी शेकडो पबमध्ये पाट्या वेगवेगळ्या, पण नळांवरची नावे तीच पाच-सहा, असे चित्र दिसू लागले.

पर्यायाची सुरुवात

या एकसुरीपणाला पहिला ठळक छेद दिला तो पोर्टरहाउसने. १९९६ मध्ये डब्लिनच्या टेम्पल बार भागात सुरू झालेल्या या पबने स्वतःची बिअर स्वतःच बनवली आणि गिनेस विकायचीच नाही, असा निर्णय घेतला. डब्लिनमध्ये त्या काळी हे धाडसच होते. त्याच वर्षी कार्लो येथे कार्लो ब्रुइंग कंपनी स्थापन झाली. तिची ‘ओ’हाराज’ ही स्टाउट पुढे या चळवळीची ओळख बनली. १९९८ मध्ये कॉर्क शहरात फ्रान्सिस्कन वेल आणि २००६ मध्ये पश्चिम आयर्लंडमध्ये गॅलवे हुकर यांची भर पडली. ‘हुकर’ हे पश्चिम किनाऱ्यावरील पारंपरिक शिडाच्या होडीचे नाव आहे.

खरी लाट मात्र २००८ च्या आर्थिक मंदीनंतर आली. नोकऱ्या गमावलेल्या किंवा परदेशातून परतलेल्या तरुणांनी लहान ब्रुअऱ्या काढल्या. २०१२ मध्ये पंधराच्या आसपास असलेली त्यांची संख्या २०१७ पर्यंत साठच्या वर गेली. एवढे असूनही देशातील एकूण बिअरविक्रीत त्यांचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपासच राहिला.

एका पाइंटची किंमत कशी ठरते?

किमतीचा पहिला घटक कर हा आहे. आयर्लंडमध्ये बिअरवरील अबकारी कर तिच्यातील मद्यार्काच्या प्रमाणावर आकारला जातो. २०१४ च्या अर्थसंकल्पापासून हा दर प्रति हेक्टोलिटर, म्हणजे शंभर लिटरमागे, मद्यार्काच्या प्रत्येक टक्क्याला २२.५५ युरो असा आहे. युरोपातील सर्वाधिक दरांमध्ये त्याची गणना होते. ४.२ टक्के मद्यार्काच्या स्टाउटच्या एका पाइंटवर हा कर सुमारे ५४ सेंट होतो, तर सहा टक्क्यांच्या तीव्र बिअरवर तो ७७ सेंटवर जातो. क्राफ्ट बिअरमध्ये तीव्र प्रकार अधिक असल्याने करही अधिक बसतो. त्याशिवाय विक्रीच्या किमतीवर २३ टक्के मूल्यवर्धित कर आहेच.

लहान उत्पादकांना दिलासा म्हणून २००५ पासून अबकारी करात ५० टक्के सवलत देण्यात येते. ही सवलत लहान वाटली, तरी तिचे मोल मोठे आहे. सात युरोला विकल्या जाणाऱ्या ४.५ टक्क्यांच्या क्राफ्ट बिअरचे उदाहरण घेऊ. त्यातील सुमारे १ युरो ३१ सेंट मूल्यवर्धित करात जातात. पूर्ण अबकारी कर ५८ सेंट झाला असता, तो सवलतीमुळे २९ सेंट होतो. उरलेल्या ५ युरो ४० सेंटमध्ये ब्रुअरी, वितरक आणि पबमालक अशा तिघांचा खर्च आणि नफा भागवावा लागतो. पबचे भाडे, वीज, विमा आणि नोकरांचे पगार यातूनच जातात. त्यामुळे जादा किंमत म्हणजे ब्रुअरीचा निव्वळ नफा, हा समज चुकीचा ठरतो.

दुसरा घटक कच्च्या मालाचा. बिअरसाठी लागणारी बार्ली आयर्लंडमध्ये मुबलक पिकते. हॉप्स मात्र मुख्यतः अमेरिका, जर्मनी, इंग्लंड आणि न्यूझीलंड येथून आणावे लागतात. साध्या लागरच्या तुलनेत ‘आयपीए’ या प्रकाराला कितीतरी पट अधिक हॉप्स लागतात. मोठी कंपनी लाखो लिटरच्या हिशेबाने खरेदी करते. लहान ब्रुअरीला तेच हॉप्स, डबे आणि पिंपे चढ्या दराने घ्यावी लागतात.

तिसरा घटक स्थानमाहात्म्याचा. टेम्पल बारसारख्या पर्यटकांच्या गर्दीच्या भागात रात्री उशिरा नेहमीच्या स्टाउटचा पाइंटही दहा युरोच्या घरात जातो. ग्रामीण भागात तोच पाइंट निम्म्या-पाऊण किमतीत मिळतो. मोठ्या कंपन्यांचे दरही स्थिर राहिलेले नाहीत. डिआजिओने २०२३ मध्ये फेब्रुवारीत पाइंटमागे १२ सेंट आणि जुलैमध्ये आणखी ४ सेंट वाढवले. त्यामुळे क्राफ्ट आणि नेहमीची बिअर यांच्या किमतींतील अंतर पूर्वीपेक्षा कमी भासू लागले.

४ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या किमान किमतीच्या कायद्याचा पबमधील दरांवर थेट परिणाम झालेला नाही. मद्यार्काच्या प्रत्येक ग्रॅममागे किमान दहा सेंट, असा हा नियम आहे. त्यानुसार पाच टक्क्यांचा अर्ध्या लिटरचा डबा सुमारे १ युरो ९७ सेंटच्या खाली विकता येत नाही. पबमधील दर त्याहून कितीतरी वर असल्याने हा कायदा प्रामुख्याने सुपरमार्केटला लागू पडतो.

नळासाठीची लढाई

इंग्लंडमध्ये अनेक पब ब्रुअऱ्यांच्या किंवा मोठ्या पब-कंपन्यांच्या मालकीचे असतात. आयर्लंडमध्ये बहुसंख्य पब खासगी, बहुधा एकाच कुटुंबाच्या मालकीचे आहेत. कागदोपत्री त्यांना कोणाचीही बिअर ठेवण्याची मुभा आहे. व्यवहारात मात्र नळ, शीतकरण यंत्रणा आणि नळ्या बसवणे, त्यांची देखभाल करणे ही कामे मोठ्या कंपन्या करून देतात. खरेदीवर सवलती देतात, जाहिरातीचे साहित्य पुरवतात. नव्या, लहान ब्रुअरीला यातले काहीच परवडत नाही. बिअर कितीही उत्तम असली, तरी नळ मिळाला नाही तर ती ग्राहकापर्यंत पोहोचतच नाही.

ही लढाई फक्त लहानांचीच आहे असेही नाही. वेदरस्पून ही स्वस्त दरांसाठी प्रसिद्ध असलेली ब्रिटिश पब-साखळी २०१४ मध्ये आयर्लंडमध्ये उतरली. डिआजिओशी दरावर एकमत न झाल्याने तिने तेथे गिनेस ठेवली नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस पुरवठ्यावरून हायनेकनशीही तिचे बिनसले. या वादात त्या साखळीतील अन्य उत्पादकांच्या बिअरना जागा मिळाली.

दुसरीकडे मोठ्या कंपन्यांनी स्वतःच या क्षेत्रात पाऊल टाकले. मोल्सन कूर्सने २०१३ मध्ये फ्रान्सिस्कन वेल विकत घेतली. डिआजिओने २०१५ मध्ये ‘हॉप हाउस १३’ ही लागर आणली. तिचे रूप क्राफ्ट बिअरसारखे आणि वितरण मात्र गिनेसचे, असा हा मेळ होता. काही ब्रुअऱ्यांनी यावर स्वतःचे पब काढण्याचा मार्ग शोधला. गॅलवे बे ब्रुअरी हे त्याचे उदाहरण. २०१८ च्या एका कायद्याने ब्रुअरी पाहायला आलेल्या पाहुण्यांना तेथेच बिअर विकण्याची परवानगीही मिळाली. मात्र पबच कमी होत आहेत. २००५ मध्ये सुमारे ८,६०० असलेले आयरिश पब २०२४ पर्यंत ६,५०० च्या आसपास उरले.

दर्जा : पिंपापासून पेल्यापर्यंत

दर्जाची शास्त्रशुद्ध तपासणी आयर्लंडला नवी नाही. गिनेसमध्ये काम करणारे विल्यम सीली गॉसेट यांनी बार्लीच्या थोड्याशा नमुन्यांवरून विश्वासार्ह निष्कर्ष कसा काढावा, याचा अभ्यास करताना संख्याशास्त्रातील एक महत्त्वाची कसोटी शोधली. कंपनीच्या नियमांमुळे १९०८ मध्ये त्यांनी ती ‘स्टुडंट’ या टोपणनावाने प्रसिद्ध केली. १९५९ मध्ये मायकेल ॲश यांनी नायट्रोजनच्या साहाय्याने स्टाउटला मलईदार फेस देण्याची पद्धत विकसित केली. आज देशभर एकसारखी चव मिळते, ती या परंपरेमुळे. मोठ्या कंपन्यांचे खरे बळ सातत्यात आहे, हे क्राफ्ट बिअरचे चाहतेही मान्य करतात.

क्राफ्ट बिअरची बाजू चवीच्या वैविध्याची आहे. ती बहुधा पाश्चरीकरण न केलेली आणि पूर्णपणे न गाळलेली असते. त्यामुळे तिचा स्वाद भरदार असतो, पण ती नाजूकही असते. हॉप्सचा सुगंध काही आठवड्यांतच उतरू लागतो. पन्नास लिटरच्या पिंपातून सुमारे ८८ पाइंट निघतात. स्टाउटचे पिंप गजबजलेल्या पबमध्ये एका संध्याकाळीत संपते; कमी खपाची बिअर मात्र उघडलेल्या पिंपात दिवसेंदिवस पडून राहते. म्हणूनच अनेक लहान ब्रुअऱ्या ३० लिटरची पिंपे वापरतात.

पिंपापासून नळापर्यंतची नळी नियमितपणे स्वच्छ झाली नाही, तर तिच्यात जंतू आणि यीस्ट यांचा थर साचतो. मग बिअरला आंबूस किंवा लोण्यासारखा वास येतो. दोष पबच्या तळघरात असतो, पण ग्राहक नाव ठेवतो ते ब्रुअरीला. सात-आठ युरो देऊन एकदा बिघडलेली बिअर प्यायलेला माणूस पुढच्या वेळी पुन्हा नेहमीच्या नळाकडे वळतो. लहान उत्पादकाचे सर्वांत मोठे नुकसान येथे होते.

नाव स्थानिक, बिअर दुसरीकडची

२०१६ मध्ये आयर्लंडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने काही पबमधील नळांची चौकशी केली. स्थानिक वाटणारी नावे लावून विकल्या जाणाऱ्या काही बिअर प्रत्यक्षात मोठ्या कंपन्यांच्याच, दुसऱ्या नावाने उपलब्ध असलेल्या बिअर असल्याचे उघड झाले. ग्राहक जादा पैसे मोजतो ते गावच्या उत्पादकासाठी. ते भलतीकडे जात असतील तर विश्वासालाच तडा जातो. ‘क्राफ्ट’ हा शब्द कोणीही वापरू शकत असल्याने ‘बिऑर’सारख्या ग्राहक संघटना आणि स्वतंत्र ब्रुअऱ्या ‘बिअर कोठे आणि कोणी बनवली’ हे स्पष्टपणे सांगण्याचा आग्रह धरतात.

ग्राहकाने काय पाहावे?

- आयरिश पबला प्रवेशद्वारापाशी दरफलक लावणे बंधनकारक आहे. आत जाण्यापूर्वी तो वाचावा. क्राफ्ट बिअरचा दर फलकावर नसल्यास मागणी नोंदवण्याआधी विचारून घ्यावा.
- नळावरील नावापेक्षा ब्रुअरीचे नाव आणि गाव विचारावे. उत्तर देता न येणे हीच एक सूचना समजावी.
- मद्यार्काचे प्रमाण पाहावे. तीव्र बिअर अर्धा पाइंट घेणे खिशाला आणि प्रकृतीला दोन्हींना सोयीचे असते.
- पिंप केव्हा उघडले, हे विचारण्यात गैर काही नाही. चांगल्या पबमध्ये आधी घोटभर चव घेण्यास बहुधा नकार मिळत नाही.
- स्वच्छ पेल्यात प्रत्येक घोटागणिक फेसाची एक कडी काचेवर उमटते. काचेला बुडबुडे चिकटून राहत असतील, तर पेला नीट धुतलेला नाही.
- बिअरला आंबूस, लोण्यासारखा किंवा ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आल्यास ती परत करावी. मात्र ‘सावर’ प्रकारची बिअर मुळातच आंबट असते, हे लक्षात ठेवावे.

कोविडच्या काळात पब दीर्घकाळ बंद राहिले. त्यानंतर ऊर्जा आणि कच्च्या मालाचे दर वाढले आणि अनेक लहान ब्रुअऱ्यांपुढे तगून राहण्याचाच प्रश्न उभा राहिला. काहींना टाळेही लागले. चढी किंमत हा दर्जाचा पुरावा नाही, हे खरेच. पण ताजी, नीट साठवलेली आणि बनवणाऱ्याचे गाव सांगणारी बिअर मिळत असेल, तर जादा मोजलेल्या एक-दोन युरोंतून पबच्या काउंटरवरील एक वेगळा नळ चालू राहतो. तेवढीही मागणी उरली नाही, तर आयरिश पब पुन्हा त्याच पाच-सहा नावांकडे परततील.